पाहून गेलेले

सोमनाथनं एंटर दाबलं आणि त्याच्या बहिणीला पाहून गेलेली माणसं एका दमात निम्म्याहून खाली आली. पडद्यावर तसं काही घडलं नाही. आधीचा आकडा एक ओळ वर सरकला आणि त्याच्या जागी नवा येऊन बसला, एवढंच. खालच्या कापडदुकानात कुणीतरी थान उलगडून फटकन आपटलं, वरचा पंखा कुरकुरत राहिला, आणि काचेपलीकडे पुंडलिकराव फोनवर कुणाची तरी समजूत घालत राहिले, "होता है भाई, होता है, एकदम थोडी ना जमता." सोमनाथचा हात मात्र कीबोर्डवरून आपोआप वर उचलला गेला. तव्यावर चुकून टेकला की उचलतो तसा. मग त्यानं तोच हात मानेवरून फिरवला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, मान अवघडली असेल. बघणारं कुणी नव्हतं.

काम तसं साधं होतं. शहागंजच्या घड्याळामागं, दुसऱ्या मजल्यावर, पुंडलिकरावांचं वधू-वर सूचक केंद्र. एके काळी इथं लोखंडी कपाटात फायली असायच्या आणि मुलीचा बाप पंख्याखाली बसून एकेक फाइल आंब्याच्या पेटीतला आंबा दाबून बघावा तशी बघायचा. आता साइट होती आणि साइट म्हणजे सोमनाथ. प्रत्येक बायोडाटाच्या खाली डोळ्याचं एक चित्र, शेजारी "पाहून गेलेले" असे शब्द आणि पुढं आकडा. ही कल्पना त्याचीच. आकडा दिसला की माणूस वर्गणी पुन्हा भरतो, हे त्याला पुंडलिकरावांच्याही आधी कळलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग गेल्या आठवड्यात करमाडचे कारभारी नावाचे गृहस्थ जिना चढून वर आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, तुमचं यंत्र म्हंतं, माझ्या पोरीला बाराशे माणसं पाहून गेली. बाराशेतल्या एकाला बी फोन करू वाटंना? आमच्याकडं बाजारात बैल बी एवढी माणसं पाहत नाईत, अन् बैल इकला जातो." पुंडलिकरावांनी त्यांना चहा पाजला, जिन्यापर्यंत सोडलं, आणि परत येऊन सोमनाथच्या टेबलाला टेकून उभे राहिले. "सोमनाथराव, आकडा साफ करो यार. जो सच्ची में देखके गया, उसीच को गिनो. सोमवारपासून नवा आकडा लावू. अन् कमी झाला तर होऊ द्या. म्हातारा ऐसा देखा ना मेरे कू..." कसं पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही.

आज शनिवार होता. सर्व्हरच्या दारात एक बिनपगारी कारकून बसलेला असतो, त्याचं नाव लॉग. कुणीही काहीही मागितलं की तो एक ओळ लिहितो: कुठल्या पत्त्यावरून आलं, कधी आलं, कुठलं पान मागितलं, मिळालं की नाही, हातात कुठला फोन होता. माणूस आलं की यंत्र, आपलं की परकं, हे त्याला समजत नाही आणि तो विचारतही नाही. ते समजून घ्यायचं काम नमुन्याचं. सोमनाथच्या धंद्यात त्याला रेजेक्स म्हणतात. कशी ओळ हवी ते खुणांनी सांगायचं. टोपीची खूण म्हणजे ओळ इथून सुरू, डॉलरची म्हणजे इथं संपली, टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, उभी दांडी म्हणजे हे नाहीतर ते. आणि या सगळ्यात सोमनाथला सगळ्यात आवडायची ती उलटी चाल: जुळलेली ओळ ठेवायची नाही, फेकायची. काय हवं ते माणसाला नेमकं सांगता येत नाही, पण काय नको ते बरोबर सांगता येतं, असं त्याचं मत होतं. ते फक्त लॉगपुरतं आहे असं तो समजायचा. नमुना ताडून बघायला एखादं पान लागतं. साइटवर हजारो पानं होती. बोटांनी बहिणीच्या, अपेक्षाच्या, पानाचा क्रमांक टाइप केला, कारण तेवढाच त्याला पाठ होता.

पहिल्या चाळणीत फोटो गेले. एक माणूस पान उघडतो तेव्हा लॉगमध्ये एक ओळ पडत नाही. पानाची एक, चेहऱ्याच्या फोटोची एक, उभ्या फोटोची एक, पत्रिकेच्या चित्राची एक. साइट सुरू केली तेव्हा घाईत त्यानं या सगळ्या ओळी माणसं म्हणून मोजायला लावल्या होत्या. नंतर चूक लक्षात आली होती, पण आकडा देखणा दिसत होता. देखण्या चुकीला कोण हात लावतं? अपेक्षाच्या पानावर फोटो जरा जास्तच होते. आईचा आग्रह. गुलमंडीजवळच्या स्टुडिओत तिघं गेले होते तो दिवस त्याला आठवला. अपेक्षानं सारिकाची, म्हणजे त्याच्या बायकोची, मोरपंखी साडी नेसली होती. फोटोवाला म्हणत होता, "ताई, जरा हसा." मागून आई म्हणत होती, "लई नको हसू." तेव्हा अपेक्षाच्या तोंडावर जे आलं ते धड हसूही नव्हतं आणि रागही नव्हता, आणि फोटोवाल्यानं नेमकं तेच टिपलं. तो फोटो पानावर सगळ्यात वर होता. सोमनाथनं तो इतक्या वेळा पाहिला होता की आता त्याला त्यात बहीण दिसायची नाही, फक्त चौकोन दिसायचा.

दुसऱ्या चाळणीत यंत्रं गेली. शोधयंत्रांचे हे हेर रात्रंदिवस पानोपान हिंडत असतात. ते वधूही बघतात, वरही बघतात, सेवाशुल्काच्या अटीसुद्धा तितक्याच मन लावून वाचतात. त्यांच्या नावात बहुधा "बॉट" असतं, म्हणून सोमनाथनं तेवढीच अक्षरं घालून नमुना लिहिला. मग दिसलं की एका स्वस्तातल्या फोनच्या नावातही तीच अक्षरं आहेत आणि तो फोन घेणारी खरीखुरी माणसंही चाळणीतून खाली पडताहेत. त्यांना उचलून परत आत घेतलं. हे काम करताना तो खूश होता. खाली कुणाला तरी चहा सांगितला, पायातली चप्पल काढून मांडी घातली. आकडा आता बराच उतरला होता, पण अजून चारचौघांत सांगण्यासारखा होता. आई वैजापूरच्या मावशीला सांगायची तसा नाही, पण होता.

तिसरी चाळणी ऑफिसच्या इंटरनेटवरच्या पत्त्याची. आपल्याच माणसांनी उघडलेली पानं मोजायची नाहीत, हे पुंडलिकरावांनी न सांगताही कळण्यासारखं. त्यानं पत्ता लिहिला, पत्त्यातल्या प्रत्येक टिंबाआधी उलटी तिरकी रेघ दिली, नाहीतर टिंब म्हणजे कुठलंही अक्षर होतं आणि भलतेच लोक हकनाक जातात. एंटर. आकडा असा कोसळला की त्याला वाटलं नमुना चुकला. नमुना बरोबर होता. इथं तोच एकटा होता. सकाळी आल्या आल्या साइट चालू आहे का ते बघायला एखादं पान उघडायचं असतं. तो अपेक्षाचं उघडायचा. जेवणानंतर एकदा. निघताना एकदा. कुठलंही पान चाललं असतं, पण दुसऱ्या कुणाचा आकडा एकानं वाढून काय उपयोग? संध्याकाळी घरात शिरताना सांगायला काहीतरी हवं असतं. "आज बरेच वाढले," तो चप्पल काढता काढता म्हणायचा, आणि आई आतून विचारायची, "व्हय? कुठले असतील रं?" तो म्हणायचा, "कुठले का असेनात." आता कुठले ते कळलं होतं. शहागंजचे.

चौथी चाळणी लिहायला त्यानं वेळ लावला. चहा आला, तो प्याला, कप खिडकीत ठेवला. हडकोतल्या घराला त्यानं केबलवाल्याकडून इंटरनेटचा कायमचा पत्ता घेतला होता, घरून काम करता यावं म्हणून. तो पत्ता नमुन्यात घातला आणि आई गेली. द्वारकाबाई देवपूजा झाली की ओला हात पदराला पुसून फोन घेत. पान खाली ओढून सोडलं की ते पुन्हा नव्यानं उघडतं आणि आकडा एकानं पुढं जातो, हे त्यांना नातीनं, संस्कृतीनं, शिकवलं होतं. ओढायचं आणि सोडायचं. "बघ, माझ्यादेखत दोघं वाढले!" त्या स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडत. स्वयंपाकघरातून अपेक्षा म्हणे, "ते दोघं तूच आहेस, आई." त्यावर द्वारकाबाई म्हणत, "तुला लई अक्कल." हे रोज चालायचं. सोमनाथ दाढी करता करता ऐकायचा. अपेक्षा तेव्हाच खरं बोलत होती. ते बोलणं विनोद म्हणून त्याच्या कानावरून जायचं.

नातेवाईक उरले होते. नातेवाइकांच्या ग्रुपवर दुवा टाकताना त्यानं दुव्याच्या शेवटी एक बारीकसं शेपूट जोडलं होतं, म्हणजे कोण त्या वाटेनं आलं ते ओळखू यावं. पाचवा नमुना त्या शेपटाचा. वैजापूरची मावशी, मावशीच्या सुना, मामा, मामाच्या दुकानातला गडी. मावशी तर उघडच सांगायची, "आम्ही समदे रोज उघडतो गं द्वारके. नव्या दुकानात आपलीच चार माणसं बसवत्यात ना, तसं. रिकामं दिसलं की बाहेरचं माणूस आत पाय ठेवत नाय." इतक्या प्रेमानं चाललेलं काम होतं हे. आपलीच माणसं दुकानात बसून होती आणि बाहेरून जाणारा बघत होता की आत केवढी गर्दी आहे, आता आपण कशाला. सोमनाथनं एंटर दाबलं. जे उरलं ते मोजायला यंत्र लागत नव्हतं.

त्यानं खिडकीतून खाली पाहिलं. रिक्षावाले, कांद्याचा टेम्पो, कुणीतरी सायकलवर कापडाचं गाठोडं घेऊन. सोमवारी हा आकडा पानावर लागणार होता. आणि सोमवार हा नुसता सोमवार नव्हता. अपेक्षाला नांदेडकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञाची सरकारी जागा लागली होती. शहागंजातल्याच एका खाजगी लॅबमध्ये सकाळी लोकांचं रक्त काढून काढून, दुपारी अभ्यास करून, तिशी उलटल्यावर लागलेली. रुजू व्हायची मुदत एकदा वाढवून घेतली होती. ती सोमवारी संपत होती. द्वारकाबाईंचं म्हणणं एकच: "एवढी माणसं पाहून जायलीत, आन् हिनं ऐन येळेला गाव सोडलं तर बघायला आलेल्यांला मी काय दाखवू, फोटो?" म्हणजे सगळं त्या डोळ्याच्या चित्राशेजारच्या आकड्यावर येऊन थांबलं होतं. आकडा मोठा, तर अपेक्षा घरी. आकडा खरा, तर अपेक्षा नांदेडला.

सोमनाथ वाईट माणूस नव्हता. वाईट व्हायला जी मेहनत लागते तीही त्यानं कधी घेतली नव्हती. बहीण घरी राहिल्यानं आपलं काय काय चालतं, याचा हिशेब त्यानं आजवर मांडला नव्हता, आणि आत्ताही मांडायला बसला नव्हता. तो आपोआप मांडला जात होता. संस्कृतीला शाळेतून आणणं. आईचं इन्सुलिन. चारआठ दिवसांनी कधीतरी नळाला पाणी येतं त्या दिवशी घरी कुणीतरी असणं, ड्रम भरणं. सारिकाला बँकेतून यायला सात वाजतात, त्याआधी कणीक मळलेली असणं. यातलं एकही काम त्यानं बहिणीला सांगितलेलं नव्हतं. न सांगता झालेल्या कामाची नोंद कुठंच होत नाही. आणि मग त्याच्या लक्षात आलं की एक वाट आहे. नमुन्यात एक अपवाद. एक उभी दांडी आणि अपेक्षाच्या पानाचा क्रमांक: सगळ्यांना चाळा, हे पान सोडून. कोण बघणार होतं? पुंडलिकरावांना टोपीची खूण डोक्यावरची टोपी वाटते. त्यानं अपवाद लिहिला. एंटर दाबलं. सगळी माणसं परत आली: मावशी, मामाचा गडी, आई, तो स्वतः, शोधयंत्रांचे हेर, फोटोंच्या ओळी. त्याला बरं वाटलं. कुणाचं नुकसान नाही, आई खूश, आणि अपेक्षाला काय, सरकारी जागा पुन्हा निघतात.

उरलेल्या मोजक्या ओळी मात्र पडद्यावर तशाच होत्या. त्या पुसाव्यात म्हणून तो वर गेला आणि धंद्यातल्या माणसाच्या सवयीनं वाचू लागला. दोनतीन परकी माणसं, एकेकदा येऊन गेलेली. आणि बाकी सगळ्या ओळी एकाच फोनच्या. फोनचं मॉडेल ओळीच्या शेवटी असतं. ते वाचायला त्याला वेळ लागला नाही. काचेला कोपऱ्यात तडा गेलेला तो फोन त्यानं स्वतःला नवा घेतल्यावर अपेक्षाला दिला होता, "चालतो अजून चांगला" म्हणून. ती घरच्या वायफायवरून नव्हे, बाहेर, स्वतःच्या नेटवरून पान उघडत होती. बघायला नव्हे. पान उघडलं की लगेच पुढची ओळ: "बायोडाटा मागे घ्या". त्यापुढची: कोड पाठवला. त्यापुढची, कोड टाकायचं पान. आणि तिथं संपलं. काही आठवडे गेले की पुन्हा तेच. पुन्हा तिथंच संपलं.

कोड कुठं जात होता हे त्याला पडद्यावर बघायची गरज नव्हती. ते त्यानंच लिहिलं होतं. साइट बनवताना पुंडलिकराव म्हणाले होते, "नंबर पालकाचा घ्या. बाप वर्गणी भरतो अन् पोरगी रुसून पान काढते, ऐसा नहीं चलेगा." सोमनाथला ते रास्त वाटलं होतं. वडील, अप्पा, वारल्यापासून अपेक्षाच्या पानावर पालक म्हणून नंबर त्याचा होता. साइटचे असे मेसेज त्याला चाचण्यांमुळं ढिगानं येत, म्हणून त्यानं फोनवर त्यांचा आवाजच बंद करून टाकला होता. ती कुठंतरी लॅबच्या जिन्यात उभी राहून वाट बघत असणार, आणि त्याच्या खिशात, आवाज न करता, तिची परवानगी येऊन पडत असणार आणि मुदत संपून विझत असणार. ती आणि तो एकाच शहागंजात. हाक मारली असती तर दोन मिनिटांच्या अंतरावर.

पण तिनं हाक मारली नव्हती असं तरी कुठं होतं? त्याला आता आठवू लागलं, नको असताना. "दादा, ते माझं पान काढून टाक ना." केव्हा? ताट समोर होतं. मेथीची भाजी होती. भाजी आठवली आणि आपण काय उत्तर दिलं ते आठवेना. त्यानं अपवादाची दांडी आणि पुढचा क्रमांक मागं मागं पुसला, नमुना जतन केला, चप्पल घातली आणि काचेपलीकडे डोकं घालून "जाऊन येतो घरी" म्हणाला. पुंडलिकरावांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "झाला साफ?" "झाला," तो म्हणाला.

घरी पाणी आलं होतं. अपेक्षा ओट्यापाशी, पदर खोचून, पाइप ड्रममध्ये धरून उभी होती. द्वारकाबाई पायरीवर बसून लसूण सोलत होत्या.

"आज लवकर?" अपेक्षा म्हणाली. "आलाच आहेस तर दुसरा ड्रम पुढं घे."

त्यानं ड्रम पुढं घेतला. "सोमवारी पानावरचा आकडा खाली येणार आहे. खरा लावायचाय."

"किती राहतो?"

"थोडे."

"थोडे म्हणजे? दोन्ही हातांच्या बोटांवर?"

"एका. परके." मग तो पाइपाकडं बघत म्हणाला, "बाकी तूच. मला सांगायचं ना, अपे."

अपेक्षानं नळ बारीक केला. "सांगितलं की. एकदा तू जेवत होतास. एकदा मॅच बघत होतास. एकदा मात्र काहीच करत नव्हतास, नुसता बसला होतास. तेव्हा म्हणालास, बघू."

"काय कमी झालं रं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

सोमनाथनं सांगितलं. यंत्रांचं सांगितलं, फोटोंचं सांगितलं. स्वतःचं सांगताना आवाज जरा उतरला. ओढून सोडायचं सांगितलं तेव्हा द्वारकाबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

"म्हंजी रोज मी मोजत होते ते मलाच?"

"तुला, मला, मावशीला."

"बाई गं." ड्रम भरून वाहू लागला तरी कुणी पाइप हलवला नाही. मग द्वारकाबाई म्हणाल्या, "तरी पान काढायचं नाय. पान गेलं की माणसं म्हंतात, कायतरी खोट निघाली."

"कोण माणसं, आई?" अपेक्षा म्हणाली. ती चिडलेली नव्हती. तिनं हात पुसले, फळीवरचा तडा गेलेला फोन घेतला आणि तीच ठरलेली तीन पानं ओळीनं उघडली. सोमनाथनं खिशातून आपला फोन काढला. आवाज आला नाही, पण मेसेज आलेला होता. तो बघत राहिला. सहा आकडे. वाचले की सोमवारी संध्याकाळी कणीक मळलेली नसणार, नळाला पाणी येईल तेव्हा घरी कुणी नसणार, इन्सुलिनची सुई किती खोल जाते हे त्यालाच शिकावं लागणार. द्वारकाबाई म्हणत होत्या, "दोन दिस थांब, मावशीला इचारते," आणि तो ऐकतोय असं दाखवत उभा राहिला, ऐकत ऐकत, जोवर अपेक्षा म्हणाली नाही, "गेला. वेळ संपली त्याची."

"गेला म्हंजी?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"कोड गेला. दादाच्या फोनवर येतो आणि थोड्या वेळानं मरतो. नेहमी असंच होतं."

"नेहमी?" द्वारकाबाईंनी लेकीकडं पाहिलं, मग लेकाकडं, मग त्याच्या हातातल्या फोनकडं. लसणाची टरफलं मांडीवरून झटकून त्या पायरीवरून उठल्या, गुडघ्याला हात लावून, आणि येऊन दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. अपेक्षानं पुन्हा बटण दाबलं. सोमनाथच्या हातात फोन उजळला. त्यानं खाकरून, चोरी उरकायची घाई असावी तसे भराभर आकडे म्हणायला सुरुवात केली.

"दमानं सांग की रं," द्वारकाबाई म्हणाल्या. "तिला लिहू दे."

त्यानं पहिल्या आकड्यापासून पुन्हा सुरुवात केली.